तंबूतला जमाखर्च

साहित्यात बँकेच्या कारकुनाला कुणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. कथा-कादंबऱ्यांत शेतकरी असतात, वकील असतात, शाळामास्तर तर पायलीला पन्नास असतात. बँक आलीच तर ती दरोडा पडण्यासाठी येते, आणि त्यातल्या कारकुनाचं काम दोन्ही हात वर करून उभं राहणं एवढंच. वीस वर्षं मी काउंटरमागे बसलो आहे. एवढ्या काळात दोन्ही हात वर करण्याचा प्रसंग एकदाच आला, तोही वरच्या फळीवरचं रजिस्टर काढताना. त्या अनुभवावर कुणी कादंबरी लिहील अशी आशा नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक चाळताना त्यातल्या तीन नायकांपैकी एक चक्क बँकेत नोकरीला आहे असं दिसलं, तेव्हा मी ते छातीशी धरून घरी आणलं. दुसऱ्याच प्रकरणात उत्साह मावळला. या जॉर्जची बँकेतली नोकरी म्हणजे दिवसाढवळ्या काढलेली झोप, असा लेखकाचा एकंदर सूर. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडेही, काउंटरच्या पलीकडच्या माणसांचं आमच्याबद्दलचं मत हुबेहूब आजच्यासारखंच होतं!

पुस्तकाचं नाव ‘थ्री मेन इन अ बोट’. लेखक जेरोम के. जेरोम. साल १८८९. पुस्तक जगप्रसिद्ध आहे. ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी सापडलं यात पुस्तकाचा काही दोष नाही. गोष्ट दोन ओळींची. कामानं आपण थकलो आहोत असा समज करून घेतलेले तीन मित्र आणि एक कुत्रा टेम्स नदीवर होडीतून पंधरा दिवसांच्या सफरीला निघतात, किंग्स्टनपासून ऑक्सफर्डपर्यंत जातात, परतीच्या वाटेवर पावसानं हैराण होतात, आणि शेवटी होडी सोडून गुपचूप आगगाडीनं लंडन गाठून पोटभर जेवतात. बस्स. यात खून नाही, प्रेम नाही, उपदेश नाही. तरी लोक हे पुस्तक अजून वाचतात. का वाचतात, हे शोधण्यासाठी हा लेख.

आता परीक्षण म्हटलं की परीक्षकानं घरगुती रडगाणं मध्ये आणू नये असा संकेत आहे. पण मी बी. कॉम. झालेला माणूस. रूपबंध, आशय, अभिव्यक्ती हे शब्द मी लांबूनच पाहिले आहेत. मला एकच पद्धत येते. दोन वह्या समोरासमोर ठेवायच्या आणि नोंदींवर टिकमार्क करत जायचं. एका बाजूला जेरोमची होडी. दुसऱ्या बाजूला कुठली वही ठेवावी? तर आमचा तंबू. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही तीन मित्रांनी पाटणादेवीच्या पायथ्याशी एक रात्र काढली होती. त्या सहलीवर मी २०२३ च्या एका दिवाळी अंकात विनोदी लेखही लिहिला होता. तो तुम्ही वाचला नसेल तर उत्तम. वाचला असेल तर पुढचा मजकूर मुद्दाम वाचा, कारण त्या लेखात एक नोंद चुकलेली आहे.

आधी लेखकाची ओळख. जेरोम हा जातीचा कारकून. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत चिकटला. सुरुवातीचं काम काय, तर रुळांच्या कडेला सांडलेला कोळसा गोळा करणं. भुसावळच्या वाचकांना या नोकरीचं महत्त्व समजावून सांगायला नको. अशा माणसाच्या हातात सुट्टी आली कुठून? तर १८७१ साली सर जॉन लबक या गृहस्थांनी, जे स्वतः बँकर होते, इंग्लंडात बँकांच्या सुट्टीचा कायदा करून घेतला. बँका बंद म्हटल्यावर बाकीच्यांनाही बसून राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि बँक हॉलिडे ही सगळ्यांची सुट्टी झाली. पुढे कारकुनांनी मोकळे दिवस साधून नदीकाठ गाठायला सुरुवात केली. म्हणजे शहरी नोकरदार माणसाच्या सहलीचं मूळ शोधत गेलं, तर ते शेवटी बँकेच्या बंद दाराशी पोचतं. आम्ही जगाला काहीच दिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या सहलीचंही मूळ तेच. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. दुसरा शनिवार गहू निवडण्यात जातो. चौथ्याचं काय करायचं हा प्रश्न बायकोला माझ्यापेक्षा जास्त छळत असे. त्यामुळे, “आम्ही तिघं रानात राहायला जातोय,” असं मी सांगितलं, तेव्हा तिनं कुठे, का, कशाला यातलं काहीही न विचारता फक्त “कधी?” एवढंच विचारलं.

तिघं म्हणजे मी, विमावाला आणि मास्तर. कॉलेजच्या दिवसांत जळगावला एका खोलीत राहिलेले. विमावाला अजून जळगावातच आहे. मास्तर धुळ्याला हायस्कुलात गणित शिकवतो. नावं सांगत नाही. मागच्या लेखात सांगितली होती, आणि त्याचा परिणाम पुढे येणारच आहे.

पाटणादेवी ही मास्तरची निवड. चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटर, सातमाळ्याच्या कुशीत. चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ आहे, आणि भोवती गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचं जंगल. पण मास्तरला ओढ होती ती भास्कराचार्यांची. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि तसं सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख इथे सापडला आहे. “आजोबांच्या पुस्तकासाठी मठ काढणारा नातू!” मास्तर म्हणाला, “माझा मुलगा माझी रद्दी विकतो.”

अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, ते योग्यही नाही. म्हणून विमावाल्याच्या ओळखीच्या एका काकांच्या शेतात, जंगलाच्या बाहेर, बांधाला लागून मुक्काम ठरला. मी आणि विमावाला जळगावहून, मास्तर धुळ्याहून, आणि चाळीसगावात भेट. चाळीसगाव म्हणजे केकी मूस यांचं गाव. दशकानुदशकं घराबाहेर जवळजवळ न पडता या माणसानं घरातल्या घरात, टेबलावर देखावे मांडून जगानं वाखाणलेले फोटो काढले. स्टेशनाबाहेर चहा पिताना विमावाला म्हणाला, “खरा शहाणा माणूस. नाहीतर आपण!” त्या वेळी आम्ही हसलो. रात्री दोन वाजता मला ते वाक्य शब्दशः आठवलं.

आता टिकमार्क सुरू करू.

पहिली नोंद सामानाची. जेरोमनं सामान बांधण्यावर जवळजवळ एक प्रकरण खर्ची घातलं आहे, आणि ते पुस्तकातलं उत्तम प्रकरण आहे. त्यात तो स्वतःला सामान बांधण्यातला तज्ज्ञ समजतो. पिशवी आवळून बांधल्यावर बूट बाहेरच राहिल्याचं कळतं, आणि मग दात घासायचा ब्रश आत टाकला की नाही या शंकेनं ती पुन्हा उपसावी लागते. इथे मी मनातल्या मनात लेखकाला वाकून नमस्कार केला. मी आमच्या सामानाची यादी तीन प्रतींत केली होती. पहिली माझ्याकडे, दुसरी विमावाल्याकडे, तिसरी रेकॉर्डला. अडतीस वस्तू. प्रत्येकीपुढे नग आणि शेरा. त्यात सुई-दोरा होता, विजेरीचे जादा सेल होते, पावसाळा संपून तीन महिने झाले असूनही छत्री होती. शेतात पोचल्यावर, चुलीला तीन दगड लावल्यावर, पऱ्हाट्यांचा भारा रचल्यावर कळलं की आगपेटी नाही. तिघांत एकही विडी ओढणारा नाही. विमावाल्यानं वर्षभरापूर्वी सोडली होती, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर आरोग्यदायी जीवनाबद्दल जो तिरस्कार दिसला तो मी विसरणार नाही.

जेरोमकडे याच जागी अननसाचा डबा आहे. डबा आहे, पण फोडायचं हत्यार नाही. चाकू, कात्री, धारदार दगड, होडीचं शीड बांधायची काठी असं सगळं वापरून तिघं त्या डब्याशी लढतात, रक्तबंबाळ होतात, आणि शेवटी डबा नदीत भिरकावून देतात. समीक्षक याला अतिशयोक्ती म्हणतील. मी म्हणणार नाही. दोन भिंगं आणि मोबाइलची बॅटरी यांच्या साहाय्यानं मावळत्या सूर्यावर पऱ्हाटी पेटवायचा प्रयत्न मी या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यातलं एक भिंग माझ्या चष्म्याचं होतं.

शेवटी काकाच आगपेटी घेऊन आले. तंबूभोवती एक चक्कर मारली, तंबू दोघांचा आणि माणसं तीन हे मनाशी मोजलं, आणि मनापासून विचारलं, “घर शे ना, मंग भाईर कसाले जपतस तुम्ही?” घर आहे ना, मग बाहेर कशाला झोपता? सबंध पर्यटनशास्त्राला निरुत्तर करणारा हा प्रश्न आहे. जेरोमच्या एकोणीस प्रकरणांतही त्याचं उत्तर नाही.

दुसरी नोंद जेवणाची. या कलमावर खानदेशानं इंग्लंडवर सरळ मात केली आहे. ते तिघं एका बेटावर रस्सा करतात आणि होडीतलं उरलंसुरलं सगळं त्यात टाकतात. कुत्रा आपला वाटा म्हणून मेलेला उंदीर आणून देतो. आमच्याकडे काकूंनी मळ्यातली वांगी पऱ्हाट्यांवर भाजून दिली, हिरव्या मिरच्यांबरोबर बडगीत ठेचली, वर कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. भरीत खाताना कुणी बोललं नाही. विमावाला विम्याबद्दलसुद्धा बोलला नाही. एवढ्यावरून कल्पना यावी. पण समीक्षेच्या दृष्टीनं एक गोष्ट नोंदवतो. चांगल्या जेवणावर विनोदी लिहिता येत नाही. माझ्या दिवाळी अंकातल्या लेखात मी ते भरीत करपवलं. एवढंच नव्हे, तर विमावाल्याच्या हातून करपवलं. काकूंनी लेख वाचला नसावा, अशी मी आजही प्रार्थना करतो.

तिसरी नोंद रात्रीची.

आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. आठ वाजता जो काळोख पडला तो शहरात मिळत नाही. डोंगराची कडा तेवढी थोडी जास्त काळी. विमावाला तंबूच्या मधोमध आडवा झाला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला. बिबट्याचा आवाज लाकूड करवतीनं कापल्यासारखा असतो, ही माहिती काकांनी जाता जाता दिली होती. विमावाल्याचं घोरणंही नेमकं तसंच. त्यामुळे आत एक बिबट्या निश्चित होता. बाहेर आणखी किती, एवढाच प्रश्न होता.

माझ्या दिवाळी अंकातल्या लेखात यापुढचा भाग असा आहे: मास्तरची पाचावर धारण बसते, तो कंदील घेऊन तंबूच्या दाराशी बसतो आणि भीतीनं रात्रभर पाढे म्हणतो. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत येतो तेव्हा कोंबडा आरवतो. लोक फार हसले. आमच्या शाखेत तो अंक हातोहात फिरला. एका खातेदारानं पासबुक भरून घेता घेता, “साहेब, एकोणतीस सत्ते किती?” असं विचारून मला दाद दिली.

मास्तरचा मोबाइलवर निरोप आला. “लेख वाचला. छान जमलाय.” बस्स, एवढंच.

त्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरवलं, तेव्हा मास्तर म्हणाला, पेपर तपासायचे आहेत. पुढच्या डिसेंबरात म्हणाला, शाळेचं स्नेहसंमेलन आहे. गणिताच्या मास्तरला स्नेहसंमेलनात काय काम, असं मी विमावाल्याला विचारलं. विमावाल्याचे धुळ्यात खूप पॉलिसीधारक आहेत, त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, “तुला माहीतच नाही? नववीच्या वर्गात तो फळ्याकडे वळला की पोरं मागून करवतीचा आवाज काढतात. दीड वर्ष झालं. तुझा अंक शाळेच्या वाचनालयात येतो.”

मी काहीच केलं नाही. धुळ्याची एस.टी. दर थोड्या वेळानं सुटते, एरंडोल-पारोळ्यावरून दोन-अडीच तासांत पोचवते, फोन तर खिशातच असतो. पण काही नोंदी अशा असतात की त्या उघडून बघायचं धाडस होत नाही. आमच्याकडे त्यांच्यासाठी सस्पेन्स खातं असतं. कुठे टाकायची ते कळत नाही अशी रक्कम तिथे ठेवायची आणि पुढच्या महिन्यावर ढकलायची. मास्तर माझ्या सस्पेन्स खात्यात दीड वर्ष पडून होता.

अशात हे पुस्तक हाती आलं. त्यातला एक प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसता बसलो. प्रसंग साधा आहे. सकाळी होडीत कपडे घालताना लेखकाच्या हातून एक सदरा पाण्यात पडतो. जॉर्ज हसून हसून लोळतो. लेखक त्याच्यावर भडकतो. मग सदरा वर काढताना लेखकाच्या लक्षात येतं की तो आपला नव्हेच, जॉर्जचा आहे. आता लेखकाला हसू आवरत नाही, आणि ते कळल्यावर जॉर्जला त्यात विनोद कुठे आहे तेच समजत नाही. सदरा तोच, पाणी तेच. फक्त मालक बदलला.

विनोदाचं सगळं शास्त्र त्या एका ओल्या सदऱ्यात आहे. प्रत्येक हसण्याची किंमत कुणाच्या तरी नावे पडते. लेखकाच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे कुणाच्या. जेरोम इथे काय करतो बघा. तो स्वतःचा राग आणि स्वतःचं हसू, दोन्ही लपवत नाही. पुस्तकाची सुरुवातच मुळी तो वैद्यकाचं पुस्तक वाचून जवळजवळ सगळे रोग आपल्याला आहेत असं ठरवतो तिथून होते. म्हणजे पहिलं खातं स्वतःचं उघडतो, त्यावर भरपूर रक्कम नावे टाकतो, आणि मगच मित्रांकडे वळतो. आपल्याकडे चिं. वि. जोशी यांनी १९३३ साली चिमणरावाचं चऱ्हाट बाहेर काढलं, त्यातही चिमणराव स्वतःच सांगतो आणि स्वतःच फजीत होतो. गुंड्याभाऊला आपण हसतो ते चिमणरावाला आधी हसून झाल्यावर. मी मात्र माझ्या लेखात तंबूच्या कडेला हाताची घडी घालून उभा होतो, आणि सगळा खर्च दोन मित्रांच्या नावे टाकत होतो.

बरं, नुसता टाकला असता तरी चाललं असतं. मी खोटा टाकला. त्या रात्री खरं काय झालं ते आता लिहितो.

घाबरलो होतो मी. बाहेर वाळक्या पानांत काहीतरी चाललं, आणि मी मास्तरच्या शालीचं टोक धरलं, ते सोडलंच नाही. दहा वाजता धरलं, अकरा वाजता धरलेलंच होतं. मास्तरनं कंदिलाची वात मोठी केली, दाराशी जाऊन बसला आणि म्हणाला, “तू जप भो, मी शे आठे.” तू झोप, मी आहे इथे. मला झोप येईना, तेव्हा तो हळू आवाजात लीलावतीतलं उदाहरण सांगू लागला. भुंग्यांचा थवा आहे. त्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा उरला, तो दोन सुगंधांच्या मध्ये हवेतच घुटमळतोय. तर थव्यात एकूण भुंगे किती? मी मनात मांडत मांडत गेलो आणि केव्हा डोळा लागला ते कळलं नाही. पाढे वगैरे काही नव्हते. भीतीही नव्हती, निदान दाराकडच्या बाजूला नव्हती. पहाटे चारला मी जागा झालो तेव्हा मास्तर तसाच बसलेला होता, शालीविना. शाल माझ्या अंगावर होती.

व्यक्तींच्या खात्यांचा पहिला नियम आम्हाला एफ. वाय. च्या पहिल्या आठवड्यात घोकायला लावतात. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या खाती जमा करा. त्या रात्री देणारा मास्तर, घेणारा मी. वीस वर्षं हाच नियम चालवून पगार घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या पहिल्या गाजलेल्या लेखात तो उलटा लिहिला. आणि तेरीज तरी जुळली! वाचक हसले म्हणजे तेरीज जुळली असं मी धरून चाललो. पण बी. कॉम. झालेल्या प्रत्येकाला माहीत असतं की दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली म्हणजे नोंदी बरोबरच आहेत असं नसतं. रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यात गेली असली तरी तेरीज खुशाल जुळते.

आता जेरोमची बाजू फार उजळ करून दाखवतोय असं वाटू नये, म्हणून त्याचीही एक नोंद काढतो. जून १८८८ मध्ये जेरोमचं लग्न झालं, आणि मधुचंद्र त्यानं टेम्सवर एका लहानशा होडीत साजरा केला. परत आल्यावर लगेच हे पुस्तक लिहायला घेतलं. आणि त्या होडीतून बायकोला उतरवून दोन मित्रांना बसवलं! मित्रांबरोबर तो एरवी नदीवर जात असे हे खरं. जॉर्ज आणि हॅरिस त्या खऱ्याच मित्रांवरून घेतले आहेत. कुत्रा तेवढा मनाचा. पण ताजी ताजी सहल बायकोबरोबरची, आणि पुस्तकात तिचं नाव औषधालाही नाही. तिचं नाव जॉर्जिना. जॉर्जिनाला काढून जॉर्जला घातलं असा विनोद मला सुचला होता, पण तो मी इथे करत नाही. (केला म्हणता? सवय.) तिला याबद्दल काय वाटलं असेल? मला वाटतं, पुस्तक मजेदार झालं याचा आनंद झाला असेल, आणि ‘छान जमलंय’ असंही ती म्हणाली असेल. जवळची माणसं असंच म्हणतात.

पुस्तकाचे बाकीचे दोष थोडक्यात. जेरोमला मुळात टेम्सकाठच्या इतिहासाचं गंभीर पुस्तक लिहायचं होतं. आधी ते ‘होम चाइम्स’ मासिकातून आलं, आणि संपादकानं इतिहासाचा बराच भाग कापून टाकला. आणखी थोडा कापला असता तरी चाललं असतं. चांदणं पडलं की जेरोमची भाषा एकदम सोवळं नेसते, आणि वाचकाला पानं उलटावीशी वाटतात. त्या काळच्या मोठ्या टीकाकारांनी मात्र भलत्याच गोष्टीवर बोट ठेवलं. भाषा हलकी आहे, कारकुनी आहे, असं ते म्हणाले. ‘पंच’नं तर लेखकाच्या नावाचीच टिंगल केली. पण लोकांनी पुस्तक उचललं ते त्याच भाषेसाठी. कारकुनांना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या आवाजात बोलताना ऐकू आलं. जॉर्जच्या झोपेबद्दलचा माझा राग मी एवढ्यासाठी मागे घेतो. शिवाय खरा जॉर्ज पुढे मोठ्या बँकेत वरिष्ठ अधिकारी झाला, म्हणजे झोप त्याला बाधली नाही.

हे परीक्षण लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी एक गोष्ट केली. गेल्या चौथ्या शनिवारी सकाळची एस.टी. पकडली आणि धुळ्याला मास्तरच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनींनी चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी झालं, आणि मग मी पिशवीतून कागद काढून पुढे ठेवले. मास्तरनं सवयीनं लाल पेन घेतलं. तो वाचत होता आणि मी त्याच्या पेनाकडे बघत होतो. नववीत असताना पेपर मिळायच्या आधी पोटात जसं व्हायचं तसं होत होतं.

भुंग्यांच्या उदाहरणापाशी त्यानं समासात ‘बरोबर’ अशी खूण केली. पुढच्या ओळीवर, ‘भीतीही नव्हती, निदान दाराकडच्या बाजूला नव्हती’, या शब्दांखाली त्यानं जाड रेघ मारली आणि शेजारी फुली काढली.

“हे चूक आहे,” तो म्हणाला.

“काय चूक आहे?”

“मीपण घाबरलो होतो. तुझ्याहून जास्त. तू आत होतास, मी दाराशी.”

मी बघतच राहिलो. “अरे, मग आत का नाही आलास? झोपायचं ना!”

मास्तर हसला. “दोघांनी घाबरून कसं चालेल भो? कंदील कोणीतरी धरायलाच पाहिजे ना.”

फुली मारलेली ती ओळ मी वर तशीच ठेवली आहे. दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडायची नसते, खाली नवी लिहायची असते, हा आमच्याकडचा नियम आहे. ती ही. करवतीच्या आवाजाबद्दलही मी विचारलं. तो म्हणाला, पोरांचं काही वाटत नव्हतं, पोरं ती पोरंच. एवढं बोलून तो चहाचा कप आत ठेवायला गेला. बाकीचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही आणि मी करून मागितलं नाही.

निघताना तो पायरीवर आला. “भुंगे किती आले होते, आठवतं का?” त्यानं विचारलं.

“पंधरा,” मी म्हणालो. “कदंबावर तीन, शिलींध्रावर पाच, कुड्यावर सहा. झाले चौदा.”

“आणि?”

“आणि एक उरलेला.”

“तो धरला नाही तर उत्तर येतच नाही,” मास्तर म्हणाला, आणि एस.टी. ची वेळ झाली म्हणून मला पिटाळलं.

येत्या डिसेंबरातल्या चौथ्या शनिवारी आम्ही तिघं पुन्हा पाटणादेवीला जाणार आहोत. तंबू या वेळी तिघांचा घ्यायचा आहे. सामानाची यादी मी तीनच प्रतींत केली आहे, पण तिसरी प्रत रेकॉर्डला न ठेवता धुळ्याला पाठवली. ती लाल पेनानं तपासून परत आली आहे. छत्री खोडलेली आहे. आगपेटी क्रमांक एकवर आहे, नग दोन. आणि अगदी शेवटी मास्तरच्या अक्षरात एक नवी वस्तू वाढवली आहे: ‘शाल, जादा, एक. कारकुनासाठी.’